मुंबईत बिऱ्हाड थाटण्यापूर्वी

मुंबईत भाड्याचे घर शोधणारा मनुष्य, मग तो कोल्हापुराहून पहिल्या नोकरीसाठी आलेला तरुण असो, नागपुराहून बदलीवर आलेला सरकारी अधिकारी असो, किंवा डोंबिवलीच्या रोजच्या प्रवासाला कंटाळून शहराच्या पोटात सरकू पाहणारे चौघांचे कुटुंब असो, प्रथम तीन प्रश्न विचारतो: भाडे किती, अनामत किती आणि खोल्या किती. दलालाचा मेहनताना याच आकड्यांवर ठरत असल्यामुळे चौथ्या प्रश्नाची आठवण त्याच्याकडून होत नाही. तो प्रश्न असा, की ज्या जमिनीवर ही इमारत उभी आहे ती जमीन मुळात टेकडीची, की खाडीची, की मिठागराची? समुद्रकाठच्या नगरात, आणि विशेषतः मुंबईसारख्या भराव घालून घडविलेल्या नगरात, हा प्रश्न घराच्या आधी वस्तीला विचारावयाचा असतो. ज्याने तो विचारला त्याला पुढील पुष्कळशा शंकांची उत्तरे त्याच्या ओघानेच मिळत जातात, असे माझे निश्चित मत आहे.

कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटे एकत्र होऊन हे शहर झाले, एवढे आपण शाळेत शिकतो. परंतु ती एकत्र कशी झाली आणि त्या जोडणीचे परिणाम आज कोणाच्या दारात उभे राहतात, याचा विचार घर घेताना क्वचितच केला जातो. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधील खिंडारातून भरतीचे पाणी पूर्वी आत शिरे आणि आजचे ताडदेव, कामाठीपुरा, भायखळा या भागांतील सखल भूमी व्यापून टाकी. गव्हर्नर हॉर्नबी यांच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात, त्या खिंडारावर बांध पडला. हाजीअलीजवळून जाणारा आजचा लाला लजपतराय मार्ग त्याच बांधाच्या जागी आहे. पुढे १८०३ मध्ये शीवचा, १८३८ मध्ये कुलाब्याचा आणि १८४५ च्या सुमारास माहीमचा असे रस्तेवजा बांध होत गेले, खाड्या बुजत गेल्या, आणि समुद्राला आत येण्याची मनाई झाली. समुद्र हटला, पण त्याने सोडलेल्या जमिनीची पातळी पुष्कळ ठिकाणी जुनीच राहिली. तिच्यावर चाळी उठल्या, गिरण्या उठल्या, आणि आता उंच मनोरे उठत आहेत.

जुलै महिन्यात नळबाजार, परळचा हिंदमाता, किंग्ज सर्कलजवळील गांधी मार्केट, सांताक्रूझचा मिलन सबवे, अंधेरीचा सबवे आणि कुर्ल्याचा सखल भाग ही नावे बातम्यांत वर्षानुवर्षे त्याच क्रमाने का येतात, याचे मूळ बव्हंशी जमिनीच्या अशा सखलपणात आहे. हिंदमाताचा परिसर भोवतालच्या रस्त्यांपेक्षा बशीसारखा खोलगट असून चारही बाजूंचे पावसाचे पाणी तेथे उतरते. त्यातच शहराची जुनी पर्जन्यजलवाहिनीव्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेली. पर्जन्यजलाच्या निचऱ्यासंबंधीच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ही क्षमता तासाला ५० मिलिमीटरपर्यंत वाढविण्याची शिफारस केली, आणि त्या योजनेतील उदंचन केंद्रे हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया व गजधरबंध येथे कालांतराने उभी राहिली. या केंद्रांची गरज का पडली, हे समजून घेतले पाहिजे. शहरातील नाले ज्या मुखांनी समुद्राला मिळतात, त्यांपैकी बहुतेक मुखे भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहेत. ओहोटी असताना पाऊस पडला तर पाणी आपोआप समुद्रात जाते. भरती असताना मुखावरील दरवाजे बंद ठेवावे लागतात, नाहीतर समुद्रच उलट नाल्यातून शहरात शिरेल, आणि मग आतले पाणी पंपांनी उचलून बाहेर फेकण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून मुसळधार पाऊस आणि साडेचार मीटरहून अधिक उंचीची उधाणाची भरती या दोन गोष्टी ज्या तासाला एकत्र येतात, तो तास वस्तीच्या परीक्षेचा. अशा भरत्यांच्या तारखा पावसाळ्यापूर्वीच प्रसिद्ध होतात. घर पाहावयास जाणाऱ्याने, शक्य असेल तर, त्यांपैकीच एखाद्या दिवशी भर पावसात जावे. त्या एका फेरीत जे दिसेल ते दलाल वर्षभर बोलला तरी सांगणार नाही.

पावसाळा दूर असेल तर इमारतच बोलते, मात्र तिचे बोलणे ऐकण्याची सवय हवी. तळमजल्याच्या भिंतीवर गुडघाभर उंचीवर ओलीची आडवी रेघ दिसते का. विजेच्या मीटरची पेटी नव्याने वर उचलून बसविलेली आहे का. रस्त्यावरील दुकानांच्या उंबऱ्यांपुढे अलीकडे बांधलेली एखाद-दुसरी पायरी आहे का. आणि वाहने उभी करण्याची जागा रस्त्याच्या पातळीखाली उतरते का, हे पाहून घ्यावे. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याला पाणी काय करणार, ही समजूत भाबडी आहे. सोसायटीची पिण्याच्या पाण्याची टाकी बहुधा जमिनीखाली असते, आणि तिच्या झाकणावरून पुराचे पाणी गेले की घाण पाणी पंपाने थेट चौथ्या मजल्यावरच्या नळाला येते. मीटरच्या खोलीत पाणी शिरले की वीज तोडावी लागते, वीज गेली की उद्वाहक थांबतो, आणि वृद्ध आई-वडील वरच अडकून पडतात. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार किंवा इस्त्रीवाला यांच्याशी पाच मिनिटे बोलावे. ‘भाऊ, गेल्या पावसाळ्यात तुमच्या दुकानात पाणी आलं होतं का?’ या साध्या प्रश्नाला ते खरे उत्तर देतात, कारण घर भाड्याने जाण्यात त्यांचे हितसंबंध गुंतलेले नसतात.

२६ जुलै २००५ या दिवसाचे उदाहरण येथे द्यावेच लागते. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या वेधशाळेत, अवघा ७३ मिलिमीटर. एकाच महानगरपालिकेच्या हद्दीत, एकाच दिवशी, एका वस्तीत प्रलय आणि दुसरीत पावसाळ्यातला एक साधारण दिवस! विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यापासून निघून विमानतळाखालून, कुर्ल्याच्या बाजूने, वांद्रे-कुर्ला संकुलाला वळसा घालून माहीमच्या खाडीला मिळणारी सुमारे १८ किलोमीटरांची मिठी नदी तेव्हा पुष्कळांना प्रथमच नदी म्हणून कळली. तोवर ती नाला समजली जात होती आणि तिच्या पात्रावर नाल्यासारखेच अतिक्रमण झाले होते. ज्यांच्या घरांच्या शोधाचा टापू कलिना, कुर्ला, साकीनाका किंवा शीव-धारावी असा आहे, त्यांनी नकाशावर मिठीचा प्रवाह बोटाने आखून पाहावा, आणि मगच भाड्याची घासाघीस करावी.

याउलट, जाणीवपूर्वक आखलेली वस्ती कशी असते हे पाहावयाचे असेल तर दादर-माटुंग्याच्या रस्त्यांवरून चालत जावे. १८९६ च्या प्लेगने दाट, हवा-उजेड नसलेल्या चाळींत जो संहार केला, त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्याच्या आखणीतून दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांतील रुंद रस्ते, झाडांच्या रांगा, इमारतींमधील मोकळी जागा ही सारी रचना आली. याच ट्रस्टने बांधलेल्या परळच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन दशकांहून अधिक काळ राहिले, आणि पुढे याच आखणीतील हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधले. शंभर वर्षांपूर्वी घेतलेला निर्णय आजच्या भाडेकरूच्या खिडकीत वाऱ्याची झुळूक आणून सोडतो, हे लक्षात घेतले म्हणजे वस्ती निवडताना रस्त्याची रुंदी आणि दोन इमारतींमधील अंतर यांना किती मोल द्यावे, हे सांगावे लागत नाही. खाडीपलीकडे, १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई वसविताना सखल जमिनीसाठी भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठविणारे आणि ओहोटीला सोडणारे धारण तलाव योजले. वाशी, नेरूळ, बेलापूर येथे घर पाहणाऱ्याने त्या तलावांची निगा आज कशी राखली जाते, तेवढे पाहून घ्यावे.

आता समुद्रदर्शनाविषयी. खिडकीतून समुद्र दिसावा ही इच्छा मला अत्यंत स्वाभाविक वाटते आणि तिची टवाळी करण्याचे कारण नाही. मरीन ड्राइव्हच्या, वरळीच्या किंवा वर्सोव्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी दर्यावरून येणारा वारा ज्याने अनुभवला आहे, तो त्यासाठी चार पैसे अधिक मोजावयास तयार झाला तर त्यात नवल नाही. तथापि त्या वाऱ्याबरोबर मीठ येते. खाऱ्या हवेने खिडक्यांच्या जाळ्या, पंख्यांची पाती, वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग यांना गंज चढतो. काँक्रीटमध्ये झिरपलेले क्षार आतल्या सळ्या गंजवितात, गंजलेली सळई फुगते आणि तिच्यावरील गिलाव्याचे पोपडे सुटतात. नैर्ऋत्येकडून येणारा मोसमी पाऊस पश्चिमेच्या भिंतीवर तिरका आपटत असल्यामुळे पश्चिमाभिमुख खोलीत चार महिने झड शिरते, भिंतींना ओल धरते, कपाटातल्या कपड्यांवर आणि पुस्तकांवर बुरशी येते. म्हणून समुद्रासमोरचे घर घेताना छताचे कोपरे, सज्जांच्या खालची बाजू आणि खिडक्यांच्या चौकटी दिवसाउजेडी नीट पाहाव्यात, आणि गळतीच्या दुरुस्तीचा खर्च कोणी करावयाचा हे करारनाम्यात आधीच लिहून घ्यावे. दम्याचा विकार असलेल्या माणसाने, वयस्कर असो वा लहान, समुद्रापासून थोडे मागे, वारा येईल पण झड येणार नाही अशा ठिकाणी राहणे श्रेयस्कर.

मुंबईत अंतर किलोमीटरांत मोजण्याचा प्रघात नाही, आणि त्यामागे शहाणपण आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली तेव्हापासून या शहराची वाढ रुळांच्या काठाने, दक्षिणोत्तर झाली. त्यामुळे चर्चगेट ते बोरिवली हा लांबचा प्रवास कित्येकदा सुसह्य होतो आणि घाटकोपर ते अंधेरी हा जवळचा प्रवास अनेक वर्षे जिवावर येई. २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा या पूर्व-पश्चिम दुराव्यावर पहिला खरा उपाय झाला. २०२५ च्या ऑक्टोबरात आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाल्याने सीप्झ, विमानतळ, वांद्रे-कुर्ला संकुल, वरळी, गिरगाव यांना जोडणारा एक नवा मार्ग उघडला, आणि ज्या वस्त्या रेल्वेस्थानकापासून दूर म्हणून बाजूला पडल्या होत्या त्यांचा विचार आता नव्याने करावयास हरकत नाही. परंतु स्थानक जवळ असणे आणि गाडीत पाय ठेवता येणे या भिन्न गोष्टी आहेत. विरारहून भरून येणारी गाडी बोरिवलीला पकडणाऱ्याची सकाळ आणि बोरिवलीहूनच सुटणारी गाडी पकडणाऱ्याची सकाळ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे; तसेच ठाणे, डोंबिवली येथून काही गाड्या सुटत असल्याने तेथील रहिवाशाला, प्रवास लांबचा असूनही, कधीकधी बसावयास मिळते. जलद गाडी आपल्या स्थानकावर थांबते की नाही हेही पाहावे. घर पक्के करण्यापूर्वी कामाच्या दिवशी, कामाच्याच वेळेला, त्या घरापासून कचेरीपर्यंत एकदा प्रत्यक्ष जाऊन यावे, आणि कुटुंबात नोकरी करणारी स्त्री असेल तर रात्री नऊनंतर स्थानकापासून दारापर्यंतचा रस्ता उजेडाचा आणि वर्दळीचा आहे का, हे तिने स्वतः चालून पाहावे. या बाबतीत दुसऱ्याच्या शब्दावर विसंबणे मला मुळीच मान्य नाही.

पाण्याची वेळ, विमानांचा आवाज आणि हवेचा वास या तीन गोष्टी थोडक्यात सांगतो. १८६० च्या विहार तलावापासून तुळशी, तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व व मध्य वैतरणा आणि भातसा असा पसारा वाढत गेला, तरी पाणी वस्तीवार ठराविक वेळेलाच सुटते. ती वेळ कोणती, इमारतीची साठवण किती आणि उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात का, हे सोसायटीच्या वॉचमनला ठाऊक असते. विमाने मुख्य धावपट्टीवर घाटकोपर-कुर्ल्याच्या बाजूने उतरतात, आणि ज्यांना गाढ झोपेची गरज आहे त्यांनी त्या पट्ट्यात रात्री एक तास बसून पाहावे. माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या आणि देवनारच्या कचराभूमीच्या वाऱ्याखाली येणाऱ्या वस्त्यांत भाडे कमी असते. त्या कमी भाड्याचे कारण फुप्फुसांना कळते.

यापुढचा विषय अधिक वेदनादायक आहे. वस्ती आपण निवडतो तशी वस्तीही आपल्याला निवडू पाहते, आणि या निवडीत आडनाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती आणि ताटात मासळी असते की नाही, या गोष्टी आजही दारात विचारल्या जातात. कोळ्यांच्या वस्तीवर उभ्या राहिलेल्या, वरळी, माहीम, वर्सोवा, शीव येथे आजही कोळीवाडे नांदत असलेल्या नगरात मासे शिजविणाऱ्या भाडेकरूला घर नाकारले जावे, एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलीला संशयाने पाहिले जावे, मुसलमान कुटुंबाला दूरध्वनीवर ‘घर आत्ताच गेले’ असे उत्तर मिळावे, हे मला या शहराच्या माथ्यावरील कलंक वाटते आणि ते मी निःसंदिग्ध शब्दांत म्हणतो. ज्यांना ही वागणूक मिळते त्यांच्यासाठी वस्तीची निवड मुळातच आकुंचित असते. त्यांना जास्त भाडे, दूरचे स्थानक किंवा सखल गल्ली पत्करावी लागते. ज्या सोसायटीचे सभासद आपण आहोत, तिच्या सर्वसाधारण सभेत अशा नकाराविरुद्ध उभे राहणे हे आपल्यापैकी प्रत्येकाला शक्य आहे, आणि ते केले पाहिजे. भाडेकरूने स्वतः, शोधाच्या प्रारंभीच, आपली परिस्थिती दलालाला स्पष्ट सांगून टाकावी. नकारांची मालिका थोडी आखूड होते.

वस्ती पसंत पडल्यावर इमारतीचे वय आणि कागद यांकडे वळावे. जुन्या मुंबईत, गिरगाव, काळबादेवी, लालबाग, भायखळा या पट्ट्यात, ज्या जुन्या इमारती दिसतात त्यांची आजची अवस्था समजावयाची तर १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आठवावा लागतो. त्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाणभाडे धरले. महागाई वाढत गेली, भाडे गोठलेले राहिले, मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरविली, पागडीचा व्यवहार फोफावला, आणि अखेर १९६९ मध्ये सरकारला दुरुस्ती मंडळ नेमून उपकर बसवावा लागला. ३१ मार्च २००० पासून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम लागू आहे. आज बाहेरून येणाऱ्याला जे घर मिळते ते बहुधा ‘लीव्ह अँड लायसन्स’ म्हणजे अनुज्ञप्तीच्या कराराने, सामान्यतः अकरा महिन्यांच्या मुदतीने. इमारत पुनर्विकासाला गेली तर पागडीच्या भाडेकरूला हक्क असतात. अनुज्ञप्तीधारकाला नवे घर मागण्याचा हक्क नसतो, त्याला बिऱ्हाड उचलावे लागते. म्हणून पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत का, आणि तीस वर्षांहून जुन्या इमारतीची कायद्याने सक्तीची असलेली संरचनात्मक तपासणी झाली आहे का, हे सोसायटीच्या चिटणीसांना भेटून विचारावे. महापालिका पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. त्या यादीत नाव असलेल्या इमारतीत कितीही स्वस्त घर मिळाले तरी राहू नये.

करारनामा लेखी असावा आणि त्याची दस्तनोंदणी व्हावी, हे १९९९ च्या अधिनियमाचे कलम ५५ सांगते. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर असून, ती झाली नसेल तर कराराच्या अटींविषयी वाद उद्भवल्यास भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मुद्रांकशुल्क मुदतीतील एकूण भाड्यावर, व परतीच्या अनामतीवर धरलेल्या दहा टक्के वार्षिक व्याजावर, शेकडा पाव इतके अल्प आहे. ते वाचविण्यासाठी साध्या कागदावर सह्या करणे हा शुद्ध अविचार होय. मालक स्वतः घरात राहत नाही म्हणून सोसायटी त्याच्याकडून जे बिनभोगवटा शुल्क घेते ते २००१ च्या शासकीय आदेशानुसार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही, ही माहितीही असावी, कारण त्याचा भार पुष्कळदा गुपचूप भाडेकरूच्या अंगावर टाकला जातो. ताबा घेताना भिंती, नळ, पंखे, खिडक्या यांची छायाचित्रे तारखेनिशी घेऊन मालकाला पाठवावीत, म्हणजे अनामत परत घेताना वाद होत नाहीत.

आणि एक अट आवर्जून घालून घ्यावी. अलीकडे करारात ‘लॉक-इन’ म्हणून काही महिने घर सोडता येणार नाही असे कलम असते. करार हिवाळ्यात होत असेल तर हा बंधनाचा काळ मे अखेरीस संपेल, आणि त्यानंतर एका महिन्याच्या लेखी सूचनेने, अनामतीतून काही न कापता, घर सोडण्याची मुभा राहील, असे स्पष्ट लिहून घ्यावे. बहुतेक मालक थोडी खळखळ करून हे मान्य करतात, आणि जो आपल्या वस्तीविषयी निश्चिंत आहे तो तेवढीही करीत नाही.